कुड्याच्या पाण्यातल्या अर्काला झोन आला नाही, म्हणून काढा खोटा ठरतो का?

तुमचा प्रश्न मला कसा समजला ते आधी सांगतो, म्हणजे पुढचं उत्तर नेमकं कशाला आहे ते कळेल. तुम्ही वनस्पतिशास्त्राच्या एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहात. गावाकडून कुड्याची साल आणलीत, कारण घरात कुणाला आव पडली की तुमची आजी कुड्याचाच काढा देते. साल वाळवून दळलीत. एक अर्क सॉक्सलेटमध्ये, म्हणजे गरम द्रावक पुन्हा पुन्हा फिरवणाऱ्या काचेच्या उपकरणात, मेथनॉलचा काढलात, दुसरा साध्या पाण्यात चोवीस तास भिजवून, व्हॉटमन कागदातून गाळून. दोन्ही वाळवून १०० मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर या प्रमाणात घेतले. ई. कोलाय या आतड्यातल्या जिवाणूच्या प्लेटवर मेथनॉलच्या अर्काला १८ मिलिमीटरचा झोन, म्हणजे जंतू न वाढलेलं मोकळं वर्तुळ, आला, पाण्याच्या अर्काला शून्य. डीपीपीएच या अँटिऑक्सिडंट गुण पाहण्याच्या चाचणीत मात्र दोन्हींनी जांभळा रंग झटक्यात घालवला. आता मार्गदर्शक म्हणतात, 'पारंपरिक उपयोगाला दुजोरा मिळाला' असं लिहा. मित्र म्हणतो, पाण्यात काही उतरतच नाही, काढा म्हणजे नुसता समज. आणि प्रबंध सहा आठवड्यांवर आलाय.

या दोन्हीपैकी एकही वाक्य लिहू नका. तुमच्या आकड्यांवर माझा अविश्वास नाही. प्लेटवर दिसलं ते दिसलं. पण आजीचा काढा तुम्ही तपासलेलाच नाही. तुमच्या घरात आजवर कुणी प्यालं नसेल असे दोन अर्क तुम्ही तपासलेत, आणि तेही अशा जंतूवर, ज्याचा तुमच्या आजीच्या 'आवे'शी संबंध असेलच असं नाही. यातून काढा खरा ठरत नाही आणि खोटाही ठरत नाही. मी गेली बावीस वर्षं औषधी वनस्पतींचा कच्चा माल तपासतो. त्यात साली सगळ्यात जास्त: अर्जुन, अशोक, कुडा, सातवीण, बाभूळ. तेवढ्या अनुभवावर सांगतो, सालीच्या अर्काची 'अॅक्टिव्हिटी' बहुतेक वेळा प्लेटवर जाण्याच्या खूप आधी ठरून गेलेली असते: झाडाखाली, वाळवणावर आणि गाळणीत. म्हणून तिथूनच सुरुवात करू.

पहिला प्रश्न, साल कोणत्या कुड्याची? आपल्याकडे पांढरा कुडा आणि काळा कुडा दोन्ही आहेत, बऱ्याचदा एकाच डोंगरउतारावर. पांढरा म्हणजे होलॅर्‍हेना प्युबेसेन्स, जुन्या पुस्तकांत होलॅर्‍हेना अँटिडिसेंटेरिका. आयुर्वेदात आमांशावर सांगितलेला कुटज तो हाच, आणि कडू इंद्रजव, म्हणजे बिया, याचेच. काळा म्हणजे राइटिया टिंक्टोरिया, गोड इंद्रजववाला. दोघांची फुलं पांढरी, दोघांना चीक, दोघांच्या शेंगा लांब आणि जोडीनं लोंबणाऱ्या. झाड उभं असताना ओळखणं सोपं आहे. काळ्या कुड्याच्या शेंगांची जोडी टोकाशी चिकटलेली असते, पांढऱ्याच्या शेंगा सुट्या. काळ्याच्या फुलात मध्यभागी झालरीसारखी तंतूंची कडी असते, पांढऱ्याच्या फुलात ती नसते. साल निघून वाळली की मात्र भलेभले चकतात.

काही वर्षांपूर्वी आमच्याकडे एका पुरवठादाराकडून कुड्याच्या सालीची आठ पोती आली. रंग ठीक, तुकडे आतल्या बाजूला वळलेले, वास ठीक. सवयीनं एक कण जिभेच्या टोकावर ठेवला. कुडा असा कडू असतो की थुंकून चूळ भरली तरी पाच-दहा मिनिटं तोंड सावरत नाही. इथं थोडा तुरटपणा, बाकी काही नाही. दुसऱ्या पोत्यातला कण घेतला, तेच. मग अमोनिया आणि क्लोरोफॉर्मनं अर्क काढून अल्कलॉइड, म्हणजे वनस्पतींतली नायट्रोजनयुक्त, बहुधा कडू द्रव्यं, दाखवणारी ड्रॅगनडॉर्फची चाचणी केली, तर तिचा नारिंगी गाळ नावाला. सूक्ष्मदर्शकाखाली पातळ छेद पाहिला, तर कुड्याच्या सालीत ओळीनं दिसणाऱ्या अश्मपेशी आणि त्यांच्यातले कॅल्शियम ऑक्झलेटचे स्फटिक जसे हवेत तसे नव्हते. आठच्या आठ पोती परत गेली. त्या सालीवर कुणी संशोधन केलं असतं, तर 'कुड्यात प्रभाव नाही' असा निबंध छापून आला असता आणि त्यात एकही आकडा खोटा नसता.

तुमची साल घरच्या माणसानं ओळखीच्या झाडाची काढली असेल तर हा धोका कमी. तरीही फूल किंवा शेंग असलेली फांदी दाबून, वाळवून, तिचा हर्बेरियम नमुना करून घ्या आणि कुणा जाणकाराकडून नाव पक्कं करा. पुण्यात बोटॅनिकल सर्व्हे ऑफ इंडियाचं पश्चिम विभागीय केंद्र आणि आघारकर संशोधन संस्था आहे, मुंबईत सेंट झेवियर्समधलं ब्लॅटर हर्बेरियम आहे. नमुना क्रमांक नसलेला सालीचा प्रबंध मी परीक्षक म्हणून पुढं वाचायला घेताना मनातून थांबतो.

सालीबद्दलच आणखी एक. कोकणातल्या झाडांच्या खोडावर दगडफुलाच्या जातीचे पांढरट-हिरवट थर चढतात. ती शैवाल आणि बुरशी यांची जोडवस्ती, म्हणजे लायकेन. त्यातल्या अनेकांत उस्निक आम्ल असतं, आणि स्टॅफिलोकोकससारख्या ग्रॅम-पॉझिटिव्ह जंतूंवर ते चांगलंच चालतं. साल न खरवडता दळली आणि सेंद्रिय द्रावकात अर्क काढला, तर प्लेटवर दिसणारा झोन झाडाचा की त्याच्या अंगावरच्या पाहुण्याचा, हे सांगता येत नाही. ई. कोलायवर उस्निक आम्लाचा फारसा जोर चालत नाही, त्यामुळे तुमचे १८ मिलिमीटर त्याच्या खात्यावर जाणार नाहीत. पण पुढं स्टॅफिलोकोकस घेणार असाल तर बाहेरचा मेलेला, खरबरीत थर सुरीनं काढून आतली जिवंत साल वेगळी घ्या. आपल्या जुन्या वैद्यकग्रंथांत कुटजपुटपाकाची कृती सांगताना सालीचं वर्णनच केलेलं आहे: जाड, रसरशीत, किडीनं न खाल्लेली, आणली की लगेच कुटलेली. मग ती तांदळाच्या धुवणानं भिजवून जांभळाच्या पानांत बांधायची, वरून चिखलाचा जाड लेप देऊन भाजायची, पिळून रस काढायचा आणि मधाबरोबर द्यायचा. कच्च्या मालाची प्रतवारी कृतीतच लिहून ठेवली आहे, हे मला त्यात फार मोलाचं वाटतं.

आता मूळ मुद्दा, पाण्यात काही उतरतं की नाही.

कुड्याच्या सालीतलं मुख्य द्रव्य कोनेसिन आणि त्याच्या कुळातली स्टेरॉइडी अल्कलॉइड. चांगल्या सालीत एकूण अल्कलॉइड साधारण २ टक्क्यांच्या आसपास धरतात. शुद्ध कोनेसिन पाण्यात जेमतेम विरघळतं, पण आम्लाशी त्याचा क्षार झाला की सहज विरघळतं. सालीच्या आत ते एकटं नसतं. साल म्हणजे टॅनिनचं, म्हणजे तुरट द्रव्यांचं, कोठार, आणि टॅनिन व अल्कलॉइड एकमेकांना धरून बसतात. त्यांची जी जोडी होते ती गरम पाण्यात बऱ्यापैकी उतरते, गार पाण्यात कमी, आणि अल्कोहोलात छान. आता तुमचे दोन अर्क पुन्हा पाहा. एक मेथनॉलमध्ये, तासन्‌तास गरम. दुसरा पाण्यात, गार. तुम्ही फक्त द्रावक बदललं असं वाटतं, पण तापमान, वेळ आणि पद्धत हे सगळंच बदललंय. मग फरक पाण्यामुळे पडला की गारव्यामुळे, हे या प्रयोगातून कळणार कसं? शिवाय सालीची पूड पाण्यात चोवीस तास खोलीच्या तापमानाला ठेवली, तीही पावसाळ्यात, तर ती आंबायला लागते. वास घेतला होता का?

आणि मग ते गाळणं. इथं जरा थांबतो, कारण माझ्या मते तुमच्या शून्याचं सगळ्यात मोठं कारण इथं असू शकतं. कुड्याचा काढा उकळता असताना स्वच्छ, गडद तपकिरी दिसतो. गार व्हायला ठेवा. अर्ध्या तासात तो गढूळ होतो, चहा गार झाल्यावर त्यावर तवंग धरतो तसा, आणि तळाशी मऊ, मातकट गाळ बसतो. त्या गाळात टॅनिननं धरलेली अल्कलॉइड असतात. प्रयोगशाळेत आपल्याला स्वच्छ द्राव हवा असतो, म्हणून आपण तो गार करतो, मग बारीक कागदातून गाळतो आणि कागद कचऱ्यात टाकतो. नोकरीच्या पहिल्या वर्षी मीही हेच करत होतो. आमच्या प्रयोगशाळेत एक ज्येष्ठ वैद्य सल्लागार म्हणून यायचे. त्यांनी एकदा तो कागद माझ्या हातातून घेतला, बोटानं गाळ उचलून चाखला आणि मला चाखायला लावला. मग गाळून घेतलेला द्राव चाखायला लावला. कडूपणा कागदावर राहिला होता.

शार्ङ्गधरसंहिता या जुन्या वैद्यकग्रंथात काढ्याची कृती आहे: भरड कुटलेल्या द्रव्याच्या सोळा पट पाणी, मंद आचेवर आटवून आठवा भाग उरवायचा, आणि कोमट असताना प्यायचा. रोजच्या व्यवहारात वैद्य बरेचदा चौथा भागच उरवतात. पण भरड, उकळून आणि कोमट, हे तिन्ही शब्द कुड्यापुरते तरी रसायनशास्त्राच्या दृष्टीनं कामाचे आहेत. तुम्ही पूड घेतलीत, गार भिजवलीत आणि गार गाळलीत.

दुसरा धागा त्याहून रंजक आहे. कोकणात अनेक घरांत कुड्याचं पाळ, म्हणजे मूळ, सहाणेवर ताकात उगाळून देतात. कुड्याच्या पाळाची कढीही करतात. तुमच्या गावात करतात का, आजीला विचारा. ताक का, याचा मी बरीच वर्षं विचार केलाय. ताकात लॅक्टिक आम्ल असतं, म्हणजे अल्कलॉइडचा विरघळणारा क्षार व्हायला अनुकूल माध्यम. आणि ताकात केसिन हे दुधातलं प्रथिन असतं. टॅनिनला प्रथिनं फार प्रिय. चामडं कमावतात ते याच ओढीमुळे. केसिननं टॅनिन धरलं, तर अल्कलॉइड मोकळी व्हायला मदत होत असावी. हा माझा तर्क आहे, सिद्ध केलेली गोष्ट नव्हे. पण एका पावसाळ्यात साधं पाणी आणि लॅक्टिक आम्ल घातलेलं पाणी, दोन्हीत सारखीच साल भिजवून पाहिली, तेव्हा आम्लाच्या नळीत ड्रॅगनडॉर्फचा गाळ डोळ्यांना दिसण्याइतका दाट आला. तुमच्या प्रबंधात 'पारंपरिक' हा शब्द येणार असेल तर त्यात ताक यायला हवं.

आता मेथनॉलच्या त्या १८ मिलिमीटरकडे वळू, कारण तुमच्या मार्गदर्शकांचा सगळा भर त्यावर आहे. १०० मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर, आणि प्लेटच्या विहिरीत, म्हणजे अगर या जंतू वाढवण्याच्या जेलीसारख्या थरात पाडलेल्या भोकात, सहसा ५० मायक्रोलिटर टाकतात. म्हणजे विहिरीत ५ मिलिग्रॅम अर्क गेला. शेजारी तुलनेसाठी सिप्रोफ्लॉक्सासिन या प्रतिजैविकाची चकती ठेवली असेल, ती ५ मायक्रोग्रॅमची असते. एक हजार पट फरक. चकतीभोवती ३० मिलिमीटर आणि अर्काभोवती १८ असं शेजारी शेजारी छापलं की वाचणाऱ्याला वाटतं, अर्क निम्म्याहून जास्त ताकदीचा आहे. अर्क म्हणजे शेकडो द्रव्यांचं मिश्रण, त्यामुळे शुद्ध औषधाशी वजनास वजन तुलना अन्यायाचीच, हे मान्य. पण मग तक्त्यात दोन्हींचं वजन तरी लिहा.

शिवाय मेथनॉल पूर्ण उडालं होतं का? अर्क कशात विरघळवला? डीएमएसओ हे द्रावक असेल तर तेवढ्याच डीएमएसओची विहीर त्याच प्लेटवर होती का? ही उत्तरं तुमच्याकडे असतील तर उत्तम. तुमच्या वर्णनात ती नव्हती, म्हणून विचारतो.

झोनच्या रुंदीबद्दलही एक गैरसमज इतका पसरलाय की तो सांगितल्याशिवाय राहवत नाही. झोन म्हणजे मारण्याची ताकद आणि अगरमधून पसरण्याची क्षमता यांचा एकत्रित परिणाम. टॅनिनचे मोठे रेणू अगरमधून मुंगीच्या पावलानं सरकतात आणि वाटेत माध्यमातल्या प्रथिनांना चिकटतात. तेलकट रेणू पाणीदार अगरमध्ये शिरतच नाहीत. त्यामुळे शून्य झोनचा अर्थ 'प्रभाव नाही' असा होत नाही. 'विहिरीबाहेर काही पोचलं नाही' असाही होऊ शकतो. सालींच्या बाबतीत मी झोन फक्त पहिल्या चाळणीपुरता वापरतो. खरा आकडा मायक्रोप्लेटमधल्या एमआयसीचा, म्हणजे जंतूंची वाढ थांबवणारं किमान प्रमाण. या क्षेत्रात सर्वसाधारण संकेत असा की, कच्च्या अर्काची एमआयसी १००० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या वर गेली तर त्याबद्दल बोलू नये, आणि १०० च्या खाली आली तर नीट लक्ष द्यावं. वाढ पाहायला रेझाझुरिन, म्हणजे जिवंत जंतूंमुळे गुलाबी होणारा निळा रंग, वापरणार असाल तर एक सावधगिरी घ्या. टॅनिनवाले अर्क जंतू नसतानाही त्याचा निळा रंग गुलाबी करू शकतात. म्हणून नुसत्या अर्काच्या, जंतू न घातलेल्या विहिरी ठेवाच.

डीपीपीएचवर फार वेळ घालवत नाही. तुरट लागणारी जवळजवळ कोणतीही साल घ्या, बाभूळ घ्या, अर्जुन घ्या, जांभूळ घ्या, ५१७ नॅनोमीटरवरचा तो जांभळा रंग ती घालवणारच. टॅनिनचं ते कामच आहे. डीपीपीएच हा शरीरात कुठंही नसलेला, बाटलीतला मुक्त मूलक आहे. त्यावरून 'कुड्याच्या सालीत भरपूर फिनॉलिक द्रव्यं आहेत' एवढं म्हणता येतं. 'कुडा अमुक रोगापासून संरक्षण देतो' इथपर्यंत उडी मारता येत नाही. हा भाग एका परिच्छेदात संपवा.

जंतूच्या निवडीवर मात्र बोलायला हवं. तुम्ही घेतलेली ई. कोलाय बहुधा प्रयोगशाळेतली प्रमाणित, निरुपद्रवी जात असेल. कुडा प्रसिद्ध आहे तो आमांशासाठी, आणि आमांशाचं एक मोठं कारण एंटअमीबा हिस्टोलिटिका हा एकपेशीय जीव, जिवाणू नव्हे. कोनेसिनची जुनी ख्याती अमीबा मारण्याची. शुद्ध स्वरूपात ते माणसांना दिलंही जात होतं. झोप उडणं, अस्वस्थता, चक्कर असे मज्जासंस्थेचे त्रास दिसले आणि पुढं मेट्रोनिडाझोल हे औषध आल्यावर ते मागं पडलं. म्हणजे ज्या शत्रूसाठी हे हत्यार ओळखलं जातं, तो तुमच्या प्लेटवर नव्हताच. सिंकोनाच्या सालीचं उदाहरण घ्या. पेल्तिए आणि कावांतू यांनी १८२० मध्ये तिच्यातून क्विनाइन वेगळं केलं आणि हिवतापावर जगाला औषध मिळालं. ते चालतं रक्तपेशीत शिरलेल्या परजीवीवर. ई. कोलायच्या झोनवरून साली निवडायच्या ठरवल्या असत्या, तर सिंकोनाकडे कुणाचं लक्ष जाण्याचं कारण नव्हतं. विलोच्या सालीतलं सॅलिसिन तर पोटात गेल्यावर, शरीरात बदलून सॅलिसिलिक आम्ल होतं, तेव्हा कुठं कामाला लागतं.

पुढं जाऊन, जुलाब थांबवायला जंतू मारलाच पाहिजे असंही नाही. आतड्यातला स्राव कमी होणं, हालचाल मंदावणं, जंतूला आतड्याच्या पेशींना चिकटू किंवा आत शिरू न देणं, त्याचं विष कमी तयार होणं, यांपैकी काहीही पुरेसं ठरू शकतं. मुंबईच्या फाउंडेशन फॉर मेडिकल रिसर्चमधल्या संशोधकांनी करंजाच्या पानांच्या काढ्यावर केलेलं काम तुम्ही जरूर वाचा. ते २००६ मध्ये प्रसिद्ध झालं. साल नाही, पान आहे, पण प्रश्न अगदी तुमचाच. त्या काढ्यानं जंतू मेले नाहीत. तरीही कॉलराच्या विषाची निर्मिती घटली आणि जंतूंचं पेशींमध्ये शिरणं कमी झालं. त्यांनी झोन नाही म्हणून काम सोडलं असतं, तर हे कधी कळलंच नसतं. आणि लक्षात घ्या, त्यांनी काढाच घेतला होता.

इथपर्यंतचं थोडक्यात असं: तुमच्या शून्यामागे गार पाणी, फेकलेला गाळ, अगरमधला अडथळा आणि चुकीचा जंतू, यांपैकी एक किंवा चारही कारणं असू शकतात. तुमच्या १८ मागे अल्कलॉइड, टॅनिन, उरलेलं द्रावक किंवा नुसतं भरमसाट प्रमाण असू शकतं. कोणतं, ते प्रयोगानंच ठरेल.

सहा आठवडे कमी आहेत, पण हातातली साल संपली नसेल तर बरंच होईल. पहिल्या आठवड्यात एकच काम करा. आजीकडे जा, तिला काढा करायला सांगा आणि वही घेऊन शेजारी बसा. ती मूठभर म्हणते ती मूठ वजन करा, तिचं भांडं मोजा, किती आटवते ते मोजा. तोच काढा प्रयोगशाळेत करा. गरम असताना फडक्यातून गाळा, कागदातून नको. निम्मा तसाच ठेवा. निम्मा गार करून सेंट्रिफ्यूज करा, म्हणजे यंत्रात वेगानं फिरवून गाळ खाली बसवा: वरचा द्राव एकीकडे आणि गाळ दुसरीकडे. एक भाग ताकातला किंवा सौम्य लॅक्टिक आम्लातला करा. या सगळ्यांवर ड्रॅगनडॉर्फ आणि टीएलसी, म्हणजे द्रव्यं पट्ट्यापट्ट्यांनी वेगळी करणारी पातळ थराची चाचणी. कोनेसिनचा प्रमाणित नमुना मिळाला तर सोन्याहून पिवळं, नाही मिळाला तरी नारिंगी पट्टे कोणत्या भागात आहेत ते दिसेलच. वाळवताना वॉटर बाथवर तासन्‌तास तापवू नका. फ्रीझ ड्रायरची सोय नसेल तर रोटरी इव्हॅपोरेटरवर, म्हणजे कमी दाबाखाली द्रावक उडवणाऱ्या यंत्रावर, कमी तापमानाला.

मग टॅनिन काढून टाकण्याची चाचणी, सालींवर काम करणाऱ्यानं ही कधीच चुकवू नये असं मला मनापासून वाटतं. अर्कात पीव्हीपीपी घाला, ढवळा, सेंट्रिफ्यूज करा. त्याची कणीदार पूड टॅनिनला धरून तळाशी बसते. फेरिक क्लोराइडचा थेंब टाकून निळा-काळा रंग गेला का ते बघा. मग टॅनिनसह आणि टॅनिनविना, दोन्हींची एमआयसी घ्या. टॅनिन गेल्यावर परिणाम नाहीसा झाला, तर तो टॅनिनचा होता आणि बहुतेक कोणत्याही तुरट सालीत सापडला असता. टिकला, तर तुमच्याकडे कुड्याचं म्हणून सांगण्यासारखं काहीतरी आहे. पेशींना चिकटण्याची चाचणी तुमच्या महाविद्यालयात होणार नाही, तेवढ्यासाठी धावाधाव करू नका. 'पुढील काम' मध्ये ती लिहा.

मार्गदर्शकांशी बोलताना वाद घालू नका, तक्ता दाखवा. वाक्य असं लिहिता येईल: 'अमुक ठिकाणच्या, अमुक नमुना क्रमांकाच्या पांढऱ्या कुड्याच्या खोडाच्या सालीच्या मेथनॉल अर्कानं ५ मिलिग्रॅम प्रति विहीर या प्रमाणात ई. कोलायची वाढ रोखली. थंड पाण्यात काढून गाळलेल्या अर्कात असा परिणाम दिसला नाही. पारंपरिक काढ्याची कृती यापेक्षा वेगळी असल्यानं त्याबद्दल या प्रयोगावरून निष्कर्ष काढलेला नाही.' हे वाक्य तुम्हाला तोंडी परीक्षेत कुणीही मोडू शकणार नाही. आणि नवे प्रयोग झाले, तर शेवटच्या ओळीच्या जागी खरी माहिती येईल.

घरच्यांसाठीही एक सांगतो, कारण आजीचा उल्लेख तुम्ही केलात. शौचात रक्त, ताप, लहान मूल, गरोदर बाई किंवा म्हातारं माणूस असेल तर आधी डॉक्टर आणि मीठ-साखरेचं पाणी. काढ्याचा विचार त्यानंतर, वैद्यांना विचारूनच. आणि प्रयोगशाळेतला मेथनॉलचा अर्क कुणीही, कितीही थोडा, पोटात घेऊन पाहायचा नाही. कडूपणा चाखण्याची सवय मी सांगितली ती माझ्या कामातली. तुम्ही चाखायचंच तर फक्त ओळख पक्की असलेल्या कोरड्या सालीचा कण, तोही थुंकून टाकण्यासाठी.

पुन्हा साल काढायला जाल तेव्हा खोडाभोवती पूर्ण वेटोळं काढू नका. पानांत तयार झालेलं अन्न सालीतूनच मुळांकडे जातं. ती वाट चारही बाजूंनी तोडली की झाड मुळापासून उपाशी मरतं, आणि ते मरायला लागलंय हे कळेपर्यंत वर्ष उलटलेलं असतं. एका बाजूनं उभी, अरुंद पट्टी घ्या, शक्यतो फांदीची. तुमच्या प्रयोगाला दोनशे ग्रॅम पुरेल.

आणि आजीला विचाराल तेव्हा एक प्रश्न विसरू नका: ती खोडाची साल घेते की मुळाची? तुम्ही आणलीत ती खोडाची दिसते. ती जर पाळ वापरत असेल, तर वरचे सगळे प्रयोग दोन्ही सालींवर समांतर लावावे लागतील, आणि तेवढी साल आजच आणायला हवी.